मूठ पोकळ, तर भार कोणावर?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी नंदगडचा. कॉलेजातले आम्ही पाच-सहा जण सुट्टीला जांबोटी-कणकुंबीकडे, कधी चंदगड बाजूच्या गडांवर फिरायला जातो. माझ्या मामेभावाने ऑनलाइन एक ‘सर्व्हायव्हल नाइफ’ मागवला, ११५० रुपयांना. मूठ पोकळ आहे. टोपण फिरवून उघडलं की आत काड्या, गळ, दोरा, सुई, तार. टोपणात होकायंत्र, पात्याच्या पाठीला करवतीसारखे दात. दोनच फेऱ्यांत पातं मुठीत हलायला लागलं. तो म्हणतो वेल्डिंग मारून घेऊ. मी म्हणतो बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओळखीचा लेथवाला आहे, त्याच्याकडून दणकट मूठ करून घेऊ, आणि जमलं तर माझ्यासाठीही एक. वडील म्हणतात गुमान लोहाराकडची कोयती घ्या. असा सुरा खरंच कामाचा असतो का? आणि जंगलात नेला तर फॉरेस्टवाले धरतील का?

उत्तर

तुमच्या वडिलांचं म्हणणं बरोबर आहे. फक्त ते का बरोबर आहे हे नीट बघा, कारण पोकळ मुठीचे सगळेच सुरे टाकाऊ नसतात आणि लोहाराकडची प्रत्येक कोयतीही चांगली नसते.

घरातली कोयती उलटी करून मुठीच्या मागच्या टोकाकडे बघा. पात्याचंच लोखंड निमुळतं होत लाकडातून आरपार गेलेलं असतं आणि मागे ठोकून वाकवलेलं असतं. मुठीत शिरणाऱ्या या शेपटाला सुऱ्यांच्या धंद्यात टँग म्हणतात. पात्यावर येणारा सगळा जोर त्याच्यामार्फत मुठीत आणि मुठीतून हातात येतो. मुठीत डबी करायची म्हटली की या शेपटाला जागा उरत नाही, ते आखूड करावंच लागतं. स्वस्त मालात ते दोन-अडीच सेंटिमीटर उरतं. मग त्या तुकड्याला आटे पाडून आतून नट लावतात, नाहीतर आडवी पिन मारतात, नाहीतर नुसतं गोंदाने चिकटवून वर गार्ड, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी धातूची पट्टी, बसवतात.

आता हिशेब करा. पातं १४ सेंटिमीटरचं आहे आणि टोकावर तुम्ही १२ किलोचा जोर दिला. लाकडात रुतलेलं टोक उचकटताना एवढा जोर सहज पडतो. शेपूट मुठीत अडीच सेंटिमीटरच गेलंय, त्यातले धरायला खरे उपयोगी दोन. म्हणजे शेपटाच्या आतल्या टोकाला मुठीच्या भिंतीवर १२ गुणिले १४ भागिले २, सुमारे ८४ किलोचा रेटा बसतो. तेच शेपूट १० सेंटिमीटर असतं आणि त्यातले ८ उपयोगी धरले, तर रेटा २१ किलोवर येतो. हात तोच, जोर तोच, फरक नुसत्या लांबीचा. काठीने ठोकून लाकूड फोडायला गेलात तर हे आकडे धक्क्याने आणखी वाढतात.

जाडीची गोष्ट त्याहून वाईट. ६ मिलिमीटरच्या आट्यांत तळाशी धड लोखंड पावणेपाच मिलिमीटरच असतं. त्या गोल दांडीची वाकण्याविरुद्धची ताकद आणि १२ मिलिमीटर रुंद, ४ मिलिमीटर जाड अशा सपाट शेपटाची ताकद यांत सुमारे नऊ पटींचं अंतर पडतं, पोलाद एकच असलं तरी. शिवाय प्रत्येक आटा म्हणजे एक बारीक खाच, आणि तडा खाचेतूनच सुरू होतो. पातं जिथे एकदम अरुंद होऊन शेपूट बनतं तिथला आतला कोपरा काटकोनात कापलेला असेल तर तीही खाचच. चांगला कारागीर तो कोपरा गोल ठेवतो. साच्यात छापून कापलेल्या मालात तो टोकदार राहतो. असे सुरे मोडतात ते नेमके इथे, गार्डच्या आत अर्ध्या सेंटिमीटरवर. बाहेरून काहीच दिसत नाही आणि मोडतो तेव्हा पातं सुटून पुढे जातं. पुढे कोण उभं आहे यावर बाकीचं अवलंबून.

मामेभावाचं पातं मोडलं नाही, हललं. तेही कळण्यासारखं आहे. मूठ ॲल्युमिनियमची, गार्ड जस्ताच्या ओतीव धातूचा, पातं पोलादी. मऊ धातूच्या भोकात कठीण शेपूट रोज थोडं थोडं दाबलं जातं आणि भोक लंबगोल होतं. प्रेशर कुकरच्या दांड्याचा स्क्रू एकदा ढिला झाला की जसा आवळला तरी पुन्हा ढिला होतो, तसंच हे. कागदाएवढी फट पडली की पुढचा प्रत्येक घाव पात्याला मुठीत आपटायला जागा देतो, आणि ती फट आपल्या वेगाने वाढत जाते.

मग असे सुरे निघाले तरी कशाला? मूळ कल्पना सैनिकांसाठीची. अमेरिकेतल्या रँडल कारखान्याचं मॉडेल १८ हे व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं. विमान पडलं, बाकी सामान गेलं, तरी कमरेच्या सुऱ्यात दोन-चार वस्तू उरतील एवढाच विचार त्यामागे होता. १९८२च्या एका हॉलिवूड सिनेमानंतर ती फॅशन झाली आणि हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त नकलांचा पूर आला. नकलेत आकार आला, जोड आला नाही. ज्यांनी जोडाचा प्रश्न खरोखर सोडवला, त्यांनी जोडच काढून टाकला. ख्रिस रीव्ह या सुरेकाराचे पोकळ मुठीचे सुरे ए२ जातीच्या टूल स्टीलच्या एकाच दांड्यातून कोरलेले असत. पातं आणि मूठ एकच लोखंड, मूठ आतून पोखरलेली. कोल्ड स्टीलच्या बुशमनमध्ये एकाच पत्र्याची मूठ गोल वळवून नळी केलेली असते. हे सुरे टिकतात. पण त्यांच्या फोटोशेजारी ११५० रुपयांचा माल ठेवून दोन्ही सारखेच म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पाठीवरचे दात तर निव्वळ दिखाऊ. करवत चालते ती दात आलटूनपालटून डावी-उजवीकडे वाकवलेले असतात म्हणून. त्यामुळे खाच पात्यापेक्षा रुंद पडते आणि भुसा बाहेर येतो. सुऱ्याची पाठ चार-पाच मिलिमीटर जाड, दात सरळ रेषेत, वर पातं पाठीकडेच जाड होत गेलेलं. मनगटाएवढ्या फांदीवर घासा, अर्ध्या बोटाची खाच पडली की पातं अडकून बसेल. अमेरिकन हवाई दलाच्या वैमानिकांच्या सुऱ्याला पाठीवर दात होते खरे, पण ते पडलेल्या विमानाचा पातळ ॲल्युमिनियम पत्रा कापून बाहेर पडण्यासाठी. आपल्याकडे चोर्ला घाटात तेवढं काम निघत नाही. उलट या दातांमुळे दोन चांगल्या गोष्टी हातच्या जातात. बारीक कामात पाठीवर अंगठा ठेवून दाब देता येत नाही, आणि पाठीवर काठीने ठोकलं तर दात काठीच खात बसतात.

गोल मूठ हा आणखी एक दोष, आणि आपल्या पावसात तो जास्त जाणवतो. आमगाव-कणकुंबीचा आषाढ तुम्हाला सांगायला नको. ओल्या हातात ३० मिलिमीटरची गोल धातूची नळी फिरते, आणि धार कुठल्या बाजूला आहे हे अंधारात हाताला कळत नाही. लंबगोल लाकडी मुठीत ते न बघता कळतं. नळीवर दोरी गुंडाळून पकड येते, पण पावसाळ्यात ती दोरी दिवसच्या दिवस वाळत नाही, तिला बुरशी येते आणि खालची नळी आतल्या आत खराब होते. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले की जोडाशी पांढरी भुकटी जमते. टोपणाचे आटे जाम व्हायला सुरुवात तिथूनच होते.

होकायंत्राची परीक्षा घरीच करा. टोपण काढून सुऱ्यापासून हातभर लांब सपाट धरा आणि उत्तर बघून ठेवा. मग टोपण न हलवता पातं जवळ आणा. सुई हलली तर ते यंत्र सुऱ्यावर बसवून वाचायचं नाही, काढूनच वाचायचं. आत हवेचा बुडबुडा दिसत असेल तर सुई अडखळते, ते सोडूनच द्या. टोपण हातोडीसारखं वापरणारे लोक हे यंत्र पहिल्याच दिवशी फोडतात.

आता दुरुस्ती. टोपण काढा, आतलं सामान बाहेर घ्या आणि बॅटरीचा उजेड नळीत पाडा. तळाशी काय दिसतं त्यावर पुढचं ठरेल.

नट दिसत असेल तर काम सोपं. नट १० किंवा १३ मिलिमीटरच्या पान्याचा असेल तर लांब ट्यूब पाना आत घाला, पातं जाड कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा आणि नट पूर्ण काढा. आटे थिनरने धुवा, स्प्रिंग वॉशर घाला, थ्रेड लॉकरचे (आटे सुटू नयेत म्हणून लावायच्या गोंदाचे) दोन थेंब टाका आणि आवळा. जोर बेताने, कारण मऊ पोलादाचे आटे निघून आले की सुरा संपला. गार्डशी फट आधीच पडली असेल तर पितळी पत्र्याची बारीक पट्टी घालून ती भरून घ्या, नाहीतर नट महिन्याभरात पुन्हा सुटेल.

नट नसून गोंद दिसत असेल तर खरा उपाय एकच आहे, नळी भरून टाकणे. विनोद वाटेल, पण पोकळ मुठीच्या ढिल्या सुऱ्यावरची सर्वांत चांगली दुरुस्ती म्हणजे पोकळी घालवणे. जुना गोंद टोकदार सळीने खरवडा. ८० नंबरच्या सँडपेपरची गुंडाळी काठीला लावून नळी आतून खरखरीत करा, थिनरने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पातं खाली करून सुरा सरळ उभा ठेवा. जोडाच्या बाहेरच्या फटीला चिकटपट्टी लावा, म्हणजे गोंद गळणार नाही. दोन भागांचं सावकाश जमणारं अराल्डाइट समान मापाने घ्या, पाच मिनिटांत जमणारं नको, ते तितकं मजबूत राहत नाही. २२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या आणि १० सेंटिमीटर लांबीच्या नळीत सुमारे ३८ मिलिलिटर मावतं. ते सगळं एकदम ओतू नका. जाड थरात गोंद जमताना तापतो आणि बुडबुडे धरतो. तीन थर घाला, प्रत्येक थर हाताला घट्ट लागला की पुढचा. दुसऱ्या थरात ८ मिलिमीटरची खरखरीत सळी मध्यभागी उभी करा. शेवटच्या थरानंतर पूर्ण २४ तास हात लावू नका. थंडीत बेळगावात रात्री पारा उतरतो, तेव्हा दोन दिवस ठेवा. असा सुरा दोरी, फळं, पिशव्या, वाळक्या काटक्या यांसाठी चालेल. शेपूट आखूडच राहिलं आहे, तेव्हा ठोकून फोडणं आणि उचकटणं बंद म्हणजे बंद.

वेल्डिंगचा विचार सोडा. मूठ ॲल्युमिनियमची असेल तर पोलादाशी तिचा जोड साध्या वेल्डिंगने होतच नाही. लोहचुंबक लावून बघा, मुठीला चिकटला नाही तर ॲल्युमिनियम किंवा जस्त असण्याचीच शक्यता जास्त, मात्र स्टेनलेसच्या काही जातींनाही तो चिकटत नाही. मूठ पोलादी निघाली आणि वेल्डिंग झालं, तरी उष्णता गार्डपासून पात्यात चढते. पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून विझवून आणलेला कठीणपणा, उतरून तिथलं पोलाद मऊ होतं, आणि जोडाच्या अगदी कडेची पट्टी उलट ठिसूळ होते. मऊ आणि ठिसूळ शेजारी शेजारी, नेमके जिथे सगळा भार तिथे. गार्डजवळचं पातं निळं-जांभळं झालेलं दिसलं तर समजा की ते काम झालेलं आहे.

तुमच्या लेथवाल्याकडून मात्र खरंच चांगली वस्तू होऊ शकते. उद्यमबागेत मापात काम करणारे हात कमी नाहीत. पण काय मागायचं ते नेमकं सांगावं लागेल. पोलादी नळी बाहेरून २८ मिलिमीटर, भिंत ३. नळीच्या पुढच्या तोंडात भरीव पोलादाचा गट्टू, किमान ४५ मिलिमीटर लांब, घट्ट दाबून बसवलेला. गट्टूत शेपटाच्या मापाची चीर मिलिंगवर पाडलेली, आणि शेपूट त्या चिरेत पूर्ण ४५ मिलिमीटर शिरलेलं. नळी, गट्टू आणि शेपूट यांतून आरपार ५ मिलिमीटरच्या दोन पिना, एकमेकींपासून २५ मिलिमीटरवर. एकच पिन असेल तर पातं तिच्याभोवती फिरतं. पिनांची भोकं पात्याला पाणी देण्याआधी पाडायची, नंतर ड्रिलच मोडेल. शेपटाला आटे नकोत, आतले कोपरे गोल हवेत. टोपणाला रबरी ओ-रिंग.

हे सगळं केलं की १० सेंटिमीटरची नुसती नळी सुमारे १८५ ग्रॅमची होते. गट्टू आणि टोपण वेगळं. त्याच मापाची भरीव लाकडी मूठ ४० ते ५० ग्रॅमची. म्हणजे तीनशे ग्रॅमहून जास्त वजन हातात मागच्या बाजूला, आणि बदल्यात पोकळी मिळाली मूळ लांबीच्या निम्म्याएवढी, कारण पुढची निम्मी नळी गट्टूने खाल्ली. त्यात जेमतेम वीसेक मिलिलिटर मावतं. शिवाय मामेभावाचं आखूड शेपटाचं पातं यात बसणारच नाही, पातं नव्यानेच करावं लागेल. हौस म्हणून करा, हरकत नाही. कामासाठी असेल तर तोच पैसा लोहाराकडे नेलेला बरा.

लोहाराला काय सांगाल? ‘एक चांगला सुरा द्या’ एवढ्यावर थांबू नका. हलक्या गाडीच्या कमान-पाट्याचं पोलाद घ्या, जुना पाटा असेल तर तडा नसलेला तुकडा निवडा. भोकाच्या आसपासचा भाग नको, तिथे बारीक तडे असतात. पातं ११ ते १२ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद, पाठ ४ मिलिमीटर, पाठीवर दात नाहीत. शेपूट पात्यासकट एकाच लोखंडाचं, सुरुवातीला १२ मिलिमीटर रुंद, मागे निमुळतं, लाकडातून पार बाहेर येईल एवढं लांब, शेवटी वॉशरवर ठोकून वाकवलेलं. खांद्याचे आतले कोपरे गोल.

पाणी देताना फक्त पातं विझवायचं, शेपूट नाही. शेपूट थोडं मऊ राहिलं की वाकेल पण तुटणार नाही. कमान-पाट्याचं पोलाद तेलात विझवावं, पाण्यात एकदम बुडवलं तर धारेला तडे जाण्याचा धोका असतो. बऱ्याच ठिकाणी सवयीने पाण्यातच बुडवतात, म्हणून आधीच बोलून ठेवा आणि तेलाचा डबा लागला तर तुम्हीच न्या. विझवल्यावर पातं घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हळूहळू तापवायचं, गव्हाच्या काडीचा पिवळा रंग येईपर्यंत. घरी ओव्हन असेल तर २०० अंश सेल्सिअसवर दोन तास, थंड करून पुन्हा दोन तास. हे राहिलं तर धार काचेसारखी उडेल. तपासणी कानसने: विझवल्यानंतर लगेच कानस धारेवरून घसरायला हवी, आणि तापवून झाल्यावर ती जेमतेम धरायला हवी. सहज खात असेल तर पातं मऊ राहिलंय, काम परत द्या.

मुठीला शिसम किंवा बाभूळ, पूर्ण वाळलेलं. लंबगोल, ३२ बाय २४ मिलिमीटर. तोंडाशी लोखंडी कडं, म्हणजे लाकूड चिरणार नाही. मूठ बसवली की गोडेतेल नको, ते चिकट होतं. जवसाचं तेल दोन-तीनदा पातळ लावून पुसून काढा. पातं गंजणारं आहे, तेव्हा पावसातून आलात की पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि म्यानाबाहेर ठेवायचं. चामड्याच्या ओल्या म्यानात एक रात्र राहिलं तरी सकाळी तांबूस ठिपके दिसतात.

विकतच घ्यायचा असेल तर स्वीडनच्या मोराकनीव्हचा कम्पॅनियन बघा. पातं सुमारे १० सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, दिसायला अगदी साधा. त्याचंही शेपूट मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, हे मुद्दाम सांगतो. शेपूट आरपार हवंच असा हट्ट नको, ते पुरेसं लांब आणि चहूबाजूंनी घट्ट धरलेलं हवं. प्लास्टिक त्याच्याभोवती ओतलेलं असतं, त्यामुळे हलायला जागाच नसते.

दुकानात पोकळ मुठीचा सुरा हातात आलाच तर चार गोष्टी करा. टोपण काढून आत बघा. पातं कापडातून धरून मूठ पिळून बघा. गार्ड कानाजवळ धरून पात्यावर नखाने टिचकी मारा, आवाज स्वच्छ आला पाहिजे, खुळखुळ नको. आणि विक्रेत्याला शेपटाची लांबी विचारा. तो लगेच होकायंत्राविषयी बोलायला लागला तर पुढे चला.

सामान मुठीत ठेवण्याचाच विचार मुळात उलटा आहे. सुरा हरवतो, पडतो, दुसऱ्याला दिला जातो, आणि त्याच्याबरोबर काड्याही जातात. ओ-रिंग नसलेल्या टोपणातून आपल्या पावसात दमट हवा आत शिरते आणि काडीचा गूल मऊ पडतो. घट्ट झाकणाची छोटी डबी खिशात ठेवा. तिच्यात लायटर, सायकलच्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद चार पट्ट्या (त्या ओल्या असल्या तरी पेटतात आणि काही मिनिटं जळत राहतात), शिट्टी, दोन ओआरएस, बँडेज, जळवांसाठी मिठाची पुडी. बॅटरी वेगळी. सुऱ्यासोबत येणारी छोटी ब्लेड ‘सर्पदंशावर चिरण्यासाठी’ म्हणून कुणी सांगत असेल तर ऐकू नका. जखम चिरायची नाही, घट्ट आवळायची नाही, चोखायची नाही. हालचाल कमीत कमी ठेवून माणसाला सरकारी दवाखान्यात न्यायचं.

शेवटचा प्रश्न कायद्याचा, आणि तो तुम्ही विचारलात हे बरं केलं. शस्त्र नियम २०१६च्या पहिल्या परिशिष्टात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. वर सांगितलेला १२ सेंटिमीटरचा सुरा या मापाच्या खूप आत राहतो. म्हणून तो कमरेला लावून खडे बाजारातून फिरावं असं नाही. गावात, एसटीत, बसस्टँडवर तो पिशवीत तळाशी, म्यानात. शस्त्रबंदीचे आदेश असतात तेव्हा माप बघितलं जात नाही, आणि बेळगावात १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस) किंवा विधिमंडळ अधिवेशनाच्या सुमाराला काय वातावरण असतं ते तुम्ही जाणता.

जंगलात मात्र नियम वेगळा आणि कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१: अभयारण्यात शस्त्र घेऊन जायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरे आहेत, आणि गळ, जाळी, फासेही आहेत. म्हणजे मामेभावाच्या मुठीतला गळ आणि फाशाची तार ही सुऱ्याइतकीच अडचणीची. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य सुमारे १९० चौरस किलोमीटरचं आहे, आणि हेम्मडग्यावरून अनमोडला जाणारा रस्ता त्यातूनच जातो. दांडेलीकडे काळी व्याघ्र प्रकल्प, घाट उतरून गोव्यात म्हादई अभयारण्य, तिथेही हेच कलम. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गावातला माणूस कमरेच्या आकडीत कोयती अडकवून रानात जातो ते बघून आपल्यालाही चालेल असं धरू नका, तुम्ही तिथे पाहुणे.

अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातही बांबू तोडणं आणि जाळ करणं कर्नाटक वन कायदा १९६३ खाली गुन्हा आहे. जाहिरातीत या सुऱ्याकडून जी कामं करून दाखवतात त्यातली बहुतेक इथे करायचीच नाहीत. म्हणून बेत असा ठेवा: भीमगडच्या हद्दीत जायचं असेल त्या दिवशी सुरा घरी, आणि आधी खानापूरच्या वन कार्यालयात जाऊन वाट, मुक्काम आणि सोबतच्या वस्तूंची यादी दाखवून परवानगी घ्यायची. चंदगड बाजूला पारगड, कलानिधीगड करताना गावात मुक्काम असेल तर छोटा सुरा पिशवीत चालेल. जळण गावातून विकत घ्या. मामेभावाला मात्र आजच सांगा, मुठीतला गळ आणि तार काढून घरी ठेवायला, आणि ती मूठ रविवारी भरून टाकायला.